तिसऱ्या घंटेनंतर रिकाम्या राहणाऱ्या खुर्च्यांविषयी : नाट्यनिर्माते आणि नाट्यगृह-व्यवस्थापनांस खुले पत्र

प्रति,
मराठी व्यावसायिक नाटकांचे निर्माते
आणि मुंबई, ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील महापालिका नाट्यगृहांचा कारभार पाहणारे अधिकारी यांस,

विषय : बेताच्या उत्पन्नाच्या नियमित प्रेक्षकाला परवडेल असे तिकीट प्रत्येक प्रयोगाला ठेवण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी डोंबिवलीत राहते, एका लहान छापखान्यात हिशेब लिहिते आणि नाटके बघते. तिसऱ्या गोष्टीचा खर्च दुसरीतून निघतो आणि पहिलीमुळे त्यात रात्रीच्या रिक्षाचे भाडे मिळवावे लागते, म्हणून नाटकाच्या तिकिटाचा दर मला महिन्याच्या सुरुवातीलाच वहीत मांडावा लागतो. माझ्यासारखे बरेच जण आहेत. शिवाजी मंदिरच्या खिडकीपुढे, गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर, सावित्रीबाई फुले नाट्यगृहाच्या आवारात तीच ती माणसे भेटत राहतात : निवृत्त शिक्षक, बँकेतले शिपाई, शिकवण्या घेणाऱ्या बाया, एकांकिका करणारी कॉलेजची मुले. आम्हाला एकमेकांची नावे ठाऊक नसतात, पण कोणी काय पाहिले आणि कोणाला काय आवडले नाही हे पक्के ठाऊक असते.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. प्रत्येक व्यावसायिक प्रयोगात, वार कोणताही असो, मागच्या ठरावीक रांगा शंभर रुपयांना, नाट्यगृहाच्या खिडकीवर आणि आगाऊ मिळाव्यात. आणि जो प्रयोग भरलेला नाही त्यातल्या उरलेल्या खुर्च्या पडदा उघडण्याआधीच्या अर्ध्या तासात त्याच दराने सोडाव्यात. असे का करावे आणि ते का जमण्यासारखे आहे, एवढेच पुढे लिहिते.

आज चांगल्या चालणाऱ्या नाटकाच्या पुढच्या रांगांचे तिकीट पाचशे रुपयांच्या घरात असते, काहींचे त्याहून वर गेले आहे, आणि बाल्कनीतली शेवटची रांगही दोनशेच्या खाली सहसा येत नाही. पाचशेच का, याचे एक कारण हिशेबाच्या कामामुळे मला माहीत आहे. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, त्यापुढे गेले की लागतो. ही मर्यादा आधी अडीचशे होती, ती २०१८ च्या सुरुवातीला पाचशे झाली. रंगभूमीला तो दिलासा मिळाला हे योग्यच झाले. मात्र ज्या मर्यादेपर्यंत सरकार कर मागत नाही तोच हळूहळू पुढच्या रांगांचा रूढ दर होऊन बसला आणि मधल्या व मागच्या रांगा त्याच्या पाठोपाठ वर सरकल्या, असे मला दिसते. चौघांच्या घराने पुढे बसायचे ठरवले तर दोन हजार रुपये खिडकीवरच जातात. जाण्यायेण्याचा खर्च आणि मध्यंतरातले बटाटेवडे वेगळे. (वडा सोडून द्यावा असे सुचवण्याची माझी हिंमत नाही.)

आपला खर्च मला दिसत नाही असे कृपया समजू नये. नाट्यगृहाचे भाडे, कलाकारांची आणि पडद्यामागच्या कामगारांची नाइट (प्रयोगागणिक मिळणारे पैसे), नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, आणि या सगळ्यांच्या वर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे बिल, हे प्रेक्षक दोनशे आले काय किंवा नऊशे आले काय, तेवढेच राहते. पण याच कारणाने रिकाम्या खुर्चीचा विचार वेगळा करायला हवा. प्रयोगाचा खर्च एकदा झाला की आणखी एक माणूस आत बसल्याने त्यात एका पैचीही वाढ होत नाही, आणि तिसरी घंटा झाल्यावर त्या खुर्चीचे मोल शून्य होते. संध्याकाळी उठायच्या वेळी भाजीवालीसुद्धा उरलेल्या जुड्यांचा भाव कमी करते. नाटकाच्या धंद्यात तेवढे का होत नाही, हे मला आजवर कळलेले नाही.

गुरुवारी संध्याकाळी नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात साडेतीनशे तिकिटे गेली आहेत असे धरू. साडेपाचशे खुर्च्या रिकाम्या आहेत. त्यांतल्या फक्त साठ शंभर रुपयांप्रमाणे गेल्या तर सहा हजार रुपये येतात, ते नाहीतर आलेच नसते. निर्मिती चालावी एवढी ही रक्कम नाही, हे खरे. पण पैशांहून मोठी गोष्ट अशी की ते साठ जण हसतील, टाळ्या देतील आणि शुक्रवारी कचेरीत, शाळेत, लोकलच्या डब्यात नाटकाबद्दल बोलतील. अर्धे रिकामे नाट्यगृह विनोदाला किती जड जाते हे आपण विंगेतून रोज पाहता.

वर्षातून एकदा, लग्नाच्या वाढदिवसाला किंवा गावाहून पाहुणे आले म्हणून नाटकाला येणारा प्रेक्षक मालिकेतला ओळखीचा चेहरा पाहून तिकीट काढतो, आणि त्यात काही गैर नाही. शनिवार-रविवारचे प्रयोग त्याच्यावर चालतात आणि चालावेत. पण नव्या लेखकाचे दुसरे नाटक, ज्यात जाहिरातीवर छापण्याजोगे नाव नाही, ते पहिल्या चार-पाच प्रयोगांत कोण पाहते? आम्ही पाहतो. ते चांगले असेल तर दहा जणांना सांगतो, वाईट असेल तर दोन-तीन जणांनाच सांगतो, कारण कोणाचेही नाटक पडावे अशी आमची इच्छा नसते. आज मात्र तिकीट चारशेचे असेल तर मीसुद्धा नव्या नाटकाऐवजी खात्रीचे नाटक निवडते. महिन्याला एकच नाटक परवडत असेल तर माणूस धोका पत्करत नाही. दर वाढल्यामुळे नाटकाला येणाऱ्यांची संख्या घटली की नाही हे आपण आपल्या वह्यांतून पाहावे; आलेल्यांची निवड भित्री झाली आहे, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

आमच्यासारखे लोक आज कसे भागवतात तेही सांगते, कारण त्यातूनच मागणीचे स्वरूप ठरले आहे. हिवाळ्यात सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा असते. १९५४ साली सुरू झालेल्या या स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला आजही नाममात्र तिकिटात बसता येते, आणि गिरगावच्या साहित्य संघात किंवा जवळच्या केंद्रावर सलग काही दिवस वेगवेगळ्या संघांची नाटके पाहण्यासारखी चैन दुसरी नाही. दर्जा खालीवर असतो. एखादे नाटक पहिल्या अंकातच हात टेकते, पण दुसऱ्या दिवशी कुठल्याशा बँकेच्या नाहीतर कामगार कल्याण केंद्राच्या संघातली बाई असे काम करते की आठवडाभर डोक्यातून जात नाही. एकांकिका स्पर्धा आहेत. छोट्या जागांत होणारे प्रायोगिक प्रयोग आहेत. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे चालवले त्याचा मोठा भाग असा होता की खिशात फारसे पैसे नसलेला तरुण तिथे जाऊन बसू शकत होता, आणि त्या सतरंज्या-खुर्च्यांवर बसून शिकलेली माणसे पुढे व्यावसायिक रंगभूमीवर, चित्रपटांत आणि प्रेक्षागृहातही दिसली.

राहते व्यावसायिक नाटक. तिथे आमचा आधार म्हणजे बाल्कनी, आणि बाल्कनीचा आधार हल्ली बेभरवशाचा झाला आहे. एका नाट्यगृहाच्या खिडकीवरचा प्रसंग सांगते. नाट्यगृहाचे नाव महत्त्वाचे नाही, कारण हे अनेक ठिकाणी घडते. काचेपलीकडच्या गृहस्थांनी प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, माझ्याकडे फिरवला. पुढच्या आठ-दहा रांगांवर पेन्सिलीच्या फुल्या, मधे तुरळक, आणि मागचा सगळा कागद कोरा. मी बाल्कनीचे तिकीट मागितले. ते म्हणाले, “बाल्कनी उघडलेली नाही, बाई. खालचं भरलं तरच उघडणार. खालचं घ्या, चारशेवालं.” मी थांबले, घड्याळ बघितले, परत विचारले. त्यांनी खांदे उडवले, त्यांच्या हातात काही नव्हते. माझ्या मागे उभे असलेले पांढऱ्या केसांचे गृहस्थ प्लॅनकडे पाहत म्हणाले, “एवढं कोरं असून?” आणि रांगेतून निघून गेले. खालचे भरले नाही म्हणून स्वस्त जागा बंद, आणि भरले तर स्वस्त जागांची गरजच नाही, अशा नियमात कमी पैशांच्या प्रेक्षकाने यायचे तरी कधी?

बाल्कनी न उघडण्यामागे व्यवहार आहे, तो मी समजू शकते. प्रेक्षक विखुरला की प्रयोग पडल्यासारखा दिसतो, वरचे दिवे-पंखे लावावे लागतात, दारावर एक माणूस जास्त लागतो. मग बाल्कनी बंदच ठेवावी, परंतु खालच्या मजल्यावरच्या शेवटच्या तीन रांगा बाल्कनीच्या दराने द्याव्यात. प्रेक्षक एकत्र बसतील, आपल्याला दिवे लावावे लागणार नाहीत आणि रांगेतल्या त्या गृहस्थांना घरी परतावे लागणार नाही.

सन्मानिकांबद्दल, म्हणजे फुकट दिल्या जाणाऱ्या पासांबद्दल, थोडे लिहिणे भाग आहे. दुसरी-तिसरी रांग राखून ठेवलेली असते, तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि मधल्या दहा-बारा खुर्च्या पहिला अंक संपेपर्यंत रिकाम्याच राहतात, हे दृश्य कोणत्याही नियमित प्रेक्षकाच्या परिचयाचे आहे. ज्यांना पास दिले त्यांनी यायचे की नाही हा त्यांचा प्रश्न. पण प्रयोगाआधी दहा मिनिटे उरली असता न आलेल्या सन्मानिकांच्या खुर्च्या मोकळ्या करण्याचा नियम आपण पासाच्या मागे छापू शकता. छपाईचा खर्च काहीच नाही, हे छापखान्यातली बाई म्हणून खात्रीने सांगते.

स्वस्त तिकीट ही मराठी नाटकाला परकी गोष्ट नाही. संगीत नाटकांच्या काळात पिटातला, म्हणजे स्वस्त जागेवरचा, प्रेक्षक होता, आणि नाटक कंपन्या त्याला वचकून असत. एखादे पद पुन्हा म्हणायला लावण्याचा हट्ट तोच धरत असे. आजही झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागात, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे तिथल्या जत्रेच्या, निमित्ताने सुरू होणाऱ्या नाटकांचा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. रात्रभर चालणाऱ्या त्या प्रयोगांना खुर्चीचा दर वेगळा आणि जमिनीवर बसणाऱ्याचा वेगळा असतो. तिथे धानकापणी उरकलेला शेतमजूर आणि गावचा पाटील एकच नाटक एकाच मंडपात पाहतात. ती रंगभूमी तिकीटविक्रीवर चालते आणि वडसा परिसरातल्या किती तरी कंपन्यांचे, कलाकारांचे घर तिच्यावर चालते. मुंबईच्या वातानुकूलित नाट्यगृहात जमिनीवर बसवा असे मी म्हणत नाही, पण एका मंडपात दोन दर ठेवूनही धंदा होतो, एवढे तिथून घेण्यासारखे आहे.

बाहेरची उदाहरणेही आहेत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून एक खिडकी आहे, जिथे त्याच दिवशीच्या प्रयोगांची न खपलेली तिकिटे सवलतीत विकतात. पन्नास वर्षांत त्यामुळे ब्रॉडवे, म्हणजे तिथली व्यावसायिक रंगभूमी, बुडालेली नाही. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात उभ्याने पाहण्याच्या शेकडो जागा अगदी थोड्या पैशांत मिळतात, आणि तिथले सर्वांत कडक टीकाकार त्याच जागांवर असतात असे म्हणतात. इतके लांब जायचे नसेल तर आपल्याकडच्या मल्टिप्लेक्सवाल्यांकडे पाहावे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी एका दिवसापुरते तिकीट पंच्याहत्तर रुपये केले, तेव्हा एरवी ओस असणारे पडदेही भरले. लोकांना यायचे होते, दर आडवा येत होता, हे त्या एका शुक्रवारी उघड झाले.

आता आपण जे म्हणाल ते मीच मांडते. शेवटच्या अर्ध्या तासात स्वस्त तिकीट मिळणार हे कळले तर आगाऊ बुकिंग कोण करील, हा पहिला आक्षेप. ज्याला नक्की जागा हवी, कुटुंबासह यायचे आहे, पुढे बसायचे आहे, तो आधीच काढील. चार माणसांना बाहेर उभे करून तिकीट मिळते का पाहण्याचा जुगार कोणी खेळत नाही. शिवाय ही सोय फक्त खिडकीवर, एका माणसाला दोनच तिकिटे आणि फक्त मागच्या रांगांत ठेवावी, म्हणजे पाचशे देणाऱ्याच्या शेजारी शंभरवाला येऊन बसणार नाही आणि कोणाला फसल्यासारखे वाटणार नाही. हाऊसफुल्ल जाणाऱ्या नाटकाला अर्ध्या तासाच्या सोयीची गरजच पडणार नाही. आगाऊ मिळणाऱ्या मागच्या रांगांबाबत मात्र मी हाऊसफुल्ल नाटकालाही सूट द्यायला तयार नाही. लोकप्रिय नाटक फक्त पैसेवाल्यांनी पाहावे आणि उरलेल्यांनी पडलेली नाटके पाहावीत, ही वाटणी मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप असा असू शकतो की सवलतीने नाटकाची किंमत कमी होते, लोक कमी पैशात मिळणाऱ्या गोष्टीला कमी लेखतात. याला माझे उत्तर थोडे उद्धट आहे. नाटक चालू असताना मोबाइलवर बोलणारा माणूस मला बाल्कनीपेक्षा पुढच्या रांगांत अधिक वेळा दिसला आहे.

यापुढचा मजकूर महापालिकांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचे कालिदास, ठाण्याचे गडकरी आणि घाणेकर, कल्याणचे अत्रे, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले, ही नाट्यगृहे करदात्यांच्या पैशांतून उभी राहिली आणि त्यांची डागडुजीही त्याच पैशांतून होते. नाटकाला भाड्यात जी सवलत दिली जाते ती लग्नसमारंभाला किंवा कंपनीच्या मेळाव्याला दिली जात नाही, कारण नाटक ही शहराची गरज मानली जाते. ही सवलत राहिलीच पाहिजे, किंबहुना सोमवार ते गुरुवार वाढवली पाहिजे. पण तिला एक अट जोडावी : सवलतीच्या भाड्यात होणाऱ्या प्रयोगात ठरावीक खुर्च्या शंभर रुपयांना आणि त्या खिडकीवरच विकाव्यात, आणि त्यांची संख्या प्लॅनवर वेगळ्या रंगात दाखवावी. ज्या निर्मात्याला ही अट नको असेल त्याने पूर्ण भाडे भरावे. तारखांच्या वाटपासाठी अर्ज आपल्याकडे येतातच, त्या अर्जात एक ओळ वाढवायची आहे.

ऑनलाइन बुकिंगबद्दलही आपला आग्रह हवा. तरुण प्रेक्षक तिकडेच असतो, आणि खास नाटकांसाठी ‘तिकिटालय’सारखे अॅप निघाले हेही चांगले झाले. परंतु प्रत्येक तिकिटामागे लागणारे सेवाशुल्क पाचशेच्या तिकिटाला जितके बोचते त्याहून कितीतरी अधिक शंभराच्या तिकिटाला बोचेल. म्हणूनच मी खिडकीचा आग्रह धरते. आणि खिडकी ज्या वेळेला उघडी असते ती नोकरी करणाऱ्याच्या वेळेशी जुळत नाही : सकाळी आम्ही लोकलमध्ये असतो, संध्याकाळी पोहोचेपर्यंत ती बंद व्हायला आलेली असते. निदान एक दिवस तरी ती रात्री नऊपर्यंत उघडी ठेवावी.

आडदिवशीच्या प्रयोगाची वेळ हाही पैशांचाच प्रश्न आहे. साडेआठचा प्रयोग दादरला संपून डोंबिवलीला उतरेपर्यंत मध्यरात्र होते, आणि त्या वेळी रिक्षावाला सांगेल तो आकडा मुकाट्याने द्यावा लागतो. एकट्या बाईला तर घासाघीस करत रस्त्यात उभे राहणेही नको वाटते. तिकिटात वाचवलेले पैसे तिथे जातात. आडदिवशी सातला पडदा उघडला तर ही अडचण बरीचशी मिटेल.

हे सगळे एकदम व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. येत्या ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला प्रयोग केला तो हा दिवस, आणि दर वर्षी त्या दिवशी नटराजाचे पूजन होते, सत्कार होतात. या वर्षी त्या दिवसापासून तीन महिने, सोमवार ते गुरुवार, कोणत्याही दोन नाट्यगृहांत ही पद्धत चालवून पाहावी. एक माझ्या गावातले घ्यावे असा हट्ट नाही, पण घेतले तर आनंद होईल. प्रयोगागणिक किती शंभरवाली तिकिटे गेली, त्यांतली आगाऊ किती आणि अर्ध्या तासातली किती, महागड्या तिकिटांची विक्री घटली की तशीच राहिली, हे आकडे लिहून ठेवावेत आणि फेब्रुवारीत जाहीर करावेत. विक्री घटलेली दिसली तर मी माझी मागणी मागे घेईन. आकडे मांडायला माणूस कमी पडत असेल तर कळवावे; रविवारी सकाळी मी मोकळी असते आणि हिशेबाची वही माझी मी आणीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
बाल्कनीतली एक नियमित प्रेक्षक
डोंबिवली